चाकाला टाकी

रविवारी ऊन चढायच्या आत मी पुण्याच्या जुन्या बाजारात पोचतो. बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. मंगळवार पेठेत रस्त्याच्या कडेनं ताडपत्र्या पसरलेल्या असतात. पान्यांचे ढीग, बोथट कानशी, सुटी बेअरिंगं, कुणाच्या माजघरातलं पितळी तबक, कुणाच्या कारखान्यातला मायक्रोमीटर, सगळं एकमेकांच्या अंगावर रेलून पडलेलं. कुणी नाणी शोधायला येतं, कुणी घड्याळं. मी गेली बावीस वर्षं ग्राइंडिंग व्हीलला ड्रेसिंग करायची जुनी हत्यारं शोधायला येतो.

भोसरीत माझं छोटं टूलरूम आहे. दोन सरफेस ग्राइंडर, एक लेथ, एक मिलिंग मशिन आणि दाराशी बेंच ग्राइंडर. डाय आणि पंच बनवायचे, बोथट झालेल्यांना पुन्हा धार लावून द्यायची, हे आमचं काम. धंदा सुरू केला तेव्हा नवा डायमंड ड्रेसर घेताना चार वेळा विचार करावा लागे, म्हणून जुन्या बाजाराची वाट धरली. आता नवा घेणं जड जात नाही. तरी ती वाट सुटलेली नाही.

वस्तू दिसायला फार साधी. बोटाएवढ्या लांबीची पोलादी काडी, जाडी दहा-बारा मिलिमीटर, एका टोकाला निमुळती. त्या टोकावर राखाडी ठिपका. ओळख नसेल तर डोकं तुटलेला बोल्ट वाटावा, आणि पुष्कळ वेळा ती बोल्टांच्या ढिगातच सापडते. त्या ठिपक्यात हिरा असतो. दागिन्यातला चमकणारा नाही. मळकट, करडा, कधी काळपट. अर्ध्या कॅरेटचा असेल तर त्याचं वजन एका ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकं. तेवढा तो खडा सबंध चाकाला ताळ्यावर आणतो. यालाच ड्रेसिंग म्हणतात.

चाकाला ताळ्यावर का आणावं लागतं, हे मला पुस्तकाच्या आधी आमच्या घरच्या जात्यानं सांगितलं होतं. वर्षातून एकदा-दोनदा गल्लीत हाक यायची, ‘जात्याला टाकीऽऽ’. टाकी लावणारी बाई ओटीवर बसून वरची तळी उलटी करायची आणि छिन्नी-हातोडीनं दगडाच्या अंगावर बारीक खाचा पाडत जायची. गुळगुळीत, सुंदर झालेला दगड ती खराब करतेय असं मला वाटे. मी तसं म्हटल्यावर आई म्हणाली होती, “गुळगुळीत झालाय म्हणूनच तर बोलावलं तिला. दाणा नुसता फिरतो रे आत, फुटत नाही. पीठ गरम येतं.” टाकी लावून झाली की आई पहिलं मूठभर दळण बाजूला काढायची, कारण त्यात दगडाची कच असे. त्यानंतरचं पीठ मऊ आणि गार यायचं. टकारी या समाजाचं नावसुद्धा या टाकीवरूनच आलं असं सांगतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, अशी म्हण आपण मूर्तीकडे बघून म्हणतो. मूर्ती घाव एकदाच सोसते. जात्याला ते दर वर्षी सोसावे लागतात, कारण जातं रोज झिजतं.

ग्राइंडिंग व्हील हे याच कुळातलं. आमच्या मशिनवरचं पांढरं चाक म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे लाखो दाणे, म्हणजे माणसानं भट्टीत बनवलेला कुरुंद. संस्कृतात त्याला कुरुविंद म्हणतात, आणि इंग्रजीतलं त्याचं कोरंडम हे नाव तमिळमधल्या कुरुंदमवरून गेलेलं आहे. हे दाणे एकमेकांना धरून राहतात ते भाजलेल्या मातीनं. चाक साच्यात दाबतात, वाळवतात आणि मडक्यासारखं भट्टीत पकवतात. दाणा, त्याला धरणारी माती, आणि मधली पोकळी, अशा तीन गोष्टींचं ते बनलेलं असतं. यातली पोकळी लोकांच्या लक्षात येत नाही. दाण्यानं कापलेला लोखंडाचा बारीक कीस क्षणभर बसायला जागा लागते, ती जागा म्हणजे ही पोकळी.

चाक चालत राहिलं की दोनपैकी एक गोष्ट होते. मऊ लोखंड, पितळ, अ‍ॅल्युमिनियम घासलं तर पोकळ्या भरून जातात आणि चाकाच्या अंगावर धातूचे चट्टे दिसू लागतात. आम्ही म्हणतो, चाक लोड झालं. कडक पोलाद घासत राहिलं तर दाण्यांची टोकं झिजून सपाट होतात आणि चाक आरशासारखं चमकू लागतं. त्याला म्हणतात, चाक ग्लेझ झालं. दोन्ही अवस्थांत ते फिरतंच, ठिणग्याही थोड्या पडतात, पण कापणं थांबून नुसतं घासणं सुरू होतं. आणि घासण्यातून उष्णता निघते.

ही उष्णता काय करते ते मी पंचवीस वर्षांचा असताना पाहिलं. तेव्हा एका दुसऱ्याच्या टूलरूममध्ये नोकरी करत होतो. ओएचएनएस पोलादाचा एक पंच, हार्डनिंग करून आलेला, फक्त तोंड घासायचं बाकी होतं. संध्याकाळची वेळ, माल रात्री जायचा. चाक चमकत होतं ते मला दिसत होतं. ड्रेसिंग करायला पाच मिनिटं लागली असती. मी ती वाचवली आणि फीड वाढवला. पंचाच्या तोंडावर आधी फिकट पिवळा पट्टा आला, मग तपकिरी, मग निळा. पोलादावर निळा रंग येतो तो तीनशे अंशांच्या आसपास. म्हणजे हार्डनिंगनं कमावलेला कडकपणा त्या जागी उतरून गेला होता. भिंगातून पाहिलं तर केसासारख्या चिराही होत्या. तीन माणसांच्या चार दिवसांच्या मेहनतीवर मी पाच मिनिटांसाठी पाणी सोडलं.

आमचे मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी पंच बाजूला ठेवला, टूल क्रिबमधून, म्हणजे हत्यारांच्या खोलीतून, डायमंड ड्रेसर आणला आणि मला मशिनपाशी उभं केलं. ड्रेसरचा ठोकळा मॅग्नेटिक चकवर बसवला. हिऱ्याचं टोक चाकाच्या मध्याखाली न ठेवता फिरण्याच्या दिशेनं जरासं पुढे ठेवलं आणि काडी त्याच दिशेला दहा-पंधरा अंश कलती होती. ते म्हणाले, “सरळ धरलास तर टोक चाकात घुसेल. कललेलं असलं की चाक त्याला पुढे ढकलतं, ओढून घेत नाही.” कूलंट आधी सुरू केलं, मग चाक खाली आणलं. तापलेल्या हिऱ्यावर मागाहून पाणी सोडलं तर तो तडकतो. मग दर फेरीला एक-दोन शतांश मिलिमीटर. दोनशे मिलिमीटरचं चाक, मिनिटाला 2800 फेरे, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला सुमारे 29 मीटर, ताशी शंभर किलोमीटरच्या वर. त्या वेगानं धावणाऱ्या कडेवरून एक खडा शांतपणे या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता. आधी आवाज तुटक येत होता, कारण चाक कुठे उंच होतं, कुठे सखल. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तो सलग झाला, पाऊस लागून राहिल्यासारखा. मिस्त्रींनी मशिन बंद केलं. चाक पुन्हा खडबडीत, पांढरंशुभ्र दिसत होतं.

मग त्यांनी ड्रेसरचा स्क्रू ढिला केला, काडी बोटांनी जराशी फिरवली आणि पुन्हा आवळली. कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, “एकाच अंगावर किती दिवस घासायचा त्याला?” ते वाक्य मला पुरतं कळायला पुढे पंधरा वर्षं लागली.

हिऱ्याचा आणि या चाकांचा संबंध जुना आहे. 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिऱ्याच्या मागे लागला होता. माती आणि कोक विजेच्या झोतानं तापवताना त्याला चमकदार, कठीण स्फटिक मिळाले. ते हिरे नव्हते, सिलिकॉन कार्बाइड होतं. त्याला त्यानं कार्बोरंडम असं नाव दिलं. आजही आपल्याकडे सुरीला धार लावायच्या दगडाला जुनी माणसं कार्बोरंडमच म्हणतात. हिरा करायला निघालेल्या माणसाच्या हाती चाकाचा दाणा लागला, आणि त्या दाण्यांच्या चाकाला आकार द्यायला शेवटी खराच हिरा लागला. निसर्गातला हिरा दागिन्याच्या लायकीचा नसेल तर तो कारखान्यात येतो. आपल्या मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या खाणीतले हिरेही निवडताना दागिन्याचे वेगळे आणि उद्योगाचे वेगळे काढले जातात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं प्रयोगशाळेत हिरा बनवल्याचं 1955 मध्ये जाहीर केलं. तोवर जगातल्या सगळ्या टूलरूमांची मदार खाणीतल्या या टाकाऊ खड्यांवरच होती. गळ्यात घालायला नाकारलेल्या त्या खड्यांनी किती इंजिनं, किती गिअर, किती बेअरिंगं नेमक्या मापाला आणली याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

जुन्या बाजारात हिरा एकटा नसतो. स्टार ड्रेसर सापडतो. लोखंडी दांड्याच्या तोंडात एका पिनेवर दातेरी चकत्या ओवलेल्या असतात. बेंच ग्राइंडरच्या टूल रेस्टला त्याचे खूर अडकवून तो फिरत्या चाकावर दाबायचा. चकत्या गरगरा फिरतात आणि बोथट दाणे ठेचून उडवतात. तो घेताना दांडा आणि पिनेचं भोक बघावं. चकत्या झिजलेल्या असल्या तरी हरकत नाही, त्या नव्या मिळतात. पिनेचं भोक लांबट झालेलं असेल तर मात्र तो चाकावर नाचेल. शेतीच्या अवजारांना धार लावणाऱ्या माणसाला हिऱ्याची गरज नाही, त्याला हाच पुरतो. चाकावर घासायच्या सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्याही मिळतात, तुटलेल्या, अर्ध्या वापरलेल्या. अर्धी कांडीही पुरी चालते.

डायमंड ड्रेसर घेताना मी खिशात दोन गोष्टी ठेवतो: दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग आणि लेथच्या टूलचा तुटलेला कार्बाइडचा तुकडा. पुष्कळ जण काचेवर ओरखडा काढून बघतात. काच तर कडक पोलादानंही ओरखडते, त्यावरून काही ठरत नाही. टंगस्टन कार्बाइडवर अलगद ओढलं आणि रेघ उमटली तर आत हिरा आहे म्हणावं. मग भिंगातून टोक बघायचं. खड्याभोवतीच्या धातूत फट नसावी, नखानं ढकलून खडा हलू नये, त्यात चीर नसावी. टोक सपाट झालेलं असेल पण खाली खडा शिल्लक असेल तर तो काढून, उलटवून पुन्हा बसवून देणारे कारागीर आहेत. चांगला खडा असा तीन-चार वेळा बसवता येतो.

आणि एक गोष्ट तिथे कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेत नाही, ती म्हणजे जुनं चाक. चाक कुठे पडलं, किती दिवस ओलं राहिलं, कुणी त्यावर काय आपटलं हे बघून कळत नाही. मडकं घेताना वाजवून बघतात, तसं चाकही दोरीला किंवा बोटाला लटकवून लाकडी मुठीनं हळूच वाजवतात. खणखणीत वाजलं तर धड, बद्द वाजलं तर चिरलेलं. पण वाजवणं ही नव्या चाकाची शेवटची परीक्षा आहे, अनोळखी चाकावर विश्वास टाकायचा परवाना नाही. 2800 फेऱ्यांवर फुटलेल्या चाकाचा तुकडा कुणाला चुकवता येत नाही. ड्रेसरचं तसं नाही. तो जुना असला तरी त्याची सगळी हकीकत त्याच्या टोकावर दिसते.

ती हकीकत वाचायला मला एका चाचांनी शिकवलं. बाजारात ते मोजमापाची हत्यारं घेऊन बसत. डायमंड ते ढिगात टाकत नसत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापसावर ठेवत. एकदा मी एक उचलून बघत होतो. भिंगात टोकाला एकच मोठा सपाट तुकडा दिसत होता, एका बाजूनं पुसल्यासारखा. चाचा म्हणाले, “साहेब, हा नका घेऊ. ज्याच्याकडे होता त्यानं एकदा बसवला आणि कधी फिरवलाच नाही.” मग त्यांनी डब्यातून दुसरा काढून माझ्या हातावर ठेवला. “हा बघा.”

त्याच्या टोकाला चहूबाजूंनी बारीक पैलू होते. एकसारखे, निमुळते, एखाद्या देवळाच्या शिखरासारखे. कुणी हिरेकाप्यानं पाडलेले नव्हते, वापरून झालेले होते. त्या माणसानं दर वेळी काडी जराशी फिरवली होती. एका अंगावर सपाटी येऊ लागली की पुढचं अंग चाकापुढे केलं होतं. हिरा झिजला होता आणि झिजता झिजता आपल्याला धार लावून घेत आला होता. काडीच्या अंगावर इलेक्ट्रिक पेन्सिलनं एक आकडा कोरलेला होता, 238. तो टोकन नंबर असणार. मोठ्या कारखान्यांत कामगार आपलं पितळी टोकन टूल क्रिबच्या खिडकीत द्यायचा, तिथल्या खिळ्यावर ते टांगलं जायचं आणि बदल्यात हत्यार मिळायचं. संध्याकाळी हत्यार परत, टोकन परत. जे हत्यार एकाच हातात कायम राहायचं त्यावर कामगार आपला आकडा कोरून ठेवत.

मी भाव विचारला. चाचांनी दीडशे सांगितले. मी घासाघीस केली नाही.

त्या दिवशी दुपारी टूलरूममध्ये मी एकटाच होतो. ड्रेसर ठोकळ्यात बसवला, कूलंट सोडलं आणि चाकाखालून पहिली फेरी घेतली. आवाज पहिल्याच फेरीला सलग आला. तेव्हा मला माझ्या मिस्त्रींचं वाक्य आठवलं, आणि ते नुसतं हिऱ्याच्या बचतीविषयी नव्हतं हे ध्यानात आलं. ड्रेसरचं टोक सपाट झालं की तो चाकाचे दाणे फोडत नाही, चेपतो. चेपलेलं चाक वरवर ड्रेस केल्यासारखं दिसतं, पण कापत नाही. ते पुन्हा पोलाद जाळतं. माझा तो निळा पंच आठवा. बोथटपणा असा एकातून दुसऱ्यात उतरत जातो, हिऱ्यातून चाकात, चाकातून पंचात, पंचातून प्रेसवर निघणाऱ्या हजारो तुकड्यांत. आणि धारही तशीच उतरते. तिचा उगम कुठे शोधायला गेलं तर तो हिऱ्याच्या कठीणपणात सापडत नाही, कारण हिरा दोन्ही ड्रेसरांत सारखाच कठीण होता. फरक होता स्क्रू ढिला करून काडी फिरवणाऱ्या हाताचा. त्या कामाला फार तर दहा सेकंद लागतात. ते कुणी तपासत नाही, त्याचा पगार मिळत नाही, आणि केलं नाही तर महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

238 नंबरचा माणूस कोण होता मला माहीत नाही. पिंपरीचा असेल, चिंचवडचा, हडपसरचा किंवा आणखी कुठला. त्याचा कारखाना बंद झाला असेल, मशिन मोडीत गेलं असेल, किंवा तो निवृत्त झाल्यावर कपाट रिकामं करताना कुणी ही काडी भंगारात लोटली असेल. जुन्या बाजारात स्वस्त मिळणाऱ्या प्रत्येक चांगल्या हत्यारामागे असं काही तरी मोडलेलं असतं. म्हणून स्वस्त मिळाल्याचा आनंद मला कधी निर्भेळ होत नाही. दीडशे रुपयांत मला एक खडा मिळाला, आणि त्या खड्यावर एका अनोळखी माणसानं कित्येक वर्षं रोज केलेली राखणही मिळाली. त्या राखणीची किंमत चाचांनाही लावता आली नसती, मलाही चुकवता आली नसती. ती चालू ठेवणं एवढंच माझ्या हातात होतं.

आमच्याकडे आयटीआय करून मुलं शिकायला येतात. पहिल्या आठवड्यात मी त्यांना मशिनला हात लावू देत नाही. दोन ड्रेसर त्यांच्यापुढे ठेवतो, एक सपाट झालेला, एक 238 नंबरचा, आणि भिंग देतो. काय दिसतं ते सांग, म्हणतो. कुणाला लगेच कळतं, कुणाला दोन दिवस लागतात. ज्याला स्वतःहून कळतं त्याला पुढे फारसं सांगावं लागत नाही.

चाचांची जागा आता रिकामी असते. त्यांचा पत्र्याचा डबा कुणाकडे गेला कळलं नाही. बाजारातही आता मोबाइलच्या सुट्या भागांचे ढीग वाढलेत आणि मोजमापाची हत्यारं कमी झालीत. तरी रविवारी मी जातो आणि बोल्टांचे ढीग चाळतो. तुम्हीही कधी गेलात आणि एखाद्या पोलादी काडीच्या टोकाला राखाडी ठिपका दिसला, तर ती उचला, उजेडात धरा आणि तिचं टोक नीट बघा. चारी बाजूंनी सारखं झिजलेलं असेल तर सांगेल त्या भावाला घ्या. आणि वापरायला लागलात की रोज सकाळी, पहिलं काम हाती घ्यायच्या आधी, स्क्रू ढिला करून तिला थोडीशी फिरवा.